ते गाणं काकाचंच आहे

माझ्या काकावर चोरीचा आळ आला तेव्हा मी विलेपार्ल्यात चोरीविरुद्धचंच पत्रक दुमडत बसले होते.

ॲप आणि यंत्रांच्या कंपन्यांविरुद्ध लढणाऱ्या आमच्या गटाची खोली एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. खाली मशीन चालू झालं की वर टेबल थरथरतं. त्या दिवशीचं पत्रक माझं होतं. विषय, सध्या जगभर आणि आपल्याकडेही कोर्टात चाललेले खटले. लेखक, चित्रकार, वर्तमानपत्रं म्हणतायत की आम्ही लिहिलेलं, काढलेलं सगळं न विचारता तुम्ही तुमच्या यंत्रांना खाऊ घातलंत. कंपन्या म्हणतायत, छे, यंत्र फक्त शिकतं, माणूस वाचून शिकतो तसंच. दुसरीकडे स्पर्धेचे खटले. फोन विकताना आपलीच ॲप आत कोंबून द्यायची, दुकान आपलं आणि त्या दुकानात मालही आपलाच पुढे मांडायचा, बाकीच्यांनी मागच्या गल्लीत बसायचं. मी मथळा दिला होता, ‘तुझं ते माझं, माझं ते माझंच’. गटातल्या शहाण्यांना तो भडक वाटला. मला अजूनही कमीच भडक वाटतो.

तेवढ्यात काकाचा फोन.

“बाय, कामात हायस?”

“बोल.”

“माझं गाणं चोरीचं हाय असं आलंय.”

“कुणी सांगितलं?”

“फोननेच.”

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. राहतो वाकोल्याला, दिवसा घाटकोपरच्या एका औषधांच्या गोदामात खोकी मोजतो आणि उरलेल्या वेळात शाहीर असतो. कोकणात आमच्याकडे जाखडी असते, कुणी तिला शक्ती-तुरा म्हणतं. मध्ये गाणारे-वाजवणारे बसतात, भोवती पायात चाळ बांधून पोरं गोल नाचतात. आधी गण, मग गौळण, आणि मग खरी मजा. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर. एकाने गाण्यातून प्रश्न घालायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं, नाही देता आलं तर मान खाली. गिरण्या होत्या तेव्हा आजोबा हे गिरणगावात करायचे. गिरण्या गेल्या, माणसं उपनगरांत पांगली, सामने मुलुंड-बोरिवलीच्या नाट्यगृहांत आले. काका शक्तीवाला.

काकाच्या जाखडी मंडळाचं व्हिडिओचं चॅनल मीच काढून दिलं होतं. सामने, गौळणी, काकाच्या वारलेल्या गुरूंचं शेवटचं गाणं, सगळं तिथे. गावातल्या म्हाताऱ्या दुपारी पडल्या पडल्या ऐकतात. दुबईला गेलेली पोरं ऐकतात. त्यावरून मंडळाला आमंत्रणं येतात. अशा चॅनलला तीन ताकिदी मिळाल्या की, तिसरीवर हरकत घ्यायची मुदत संपल्यावर, ते कायमचं बंद होतं, हा त्या ॲपचा नियम. आम्हाला दोन आधीच मिळाल्या होत्या, सिनेमाच्या चालींवर गाणी बांधली म्हणून. त्या दोनांवरून मी भांडले नाही. चाल उचलली होती, उघड उचलली होती, जाखडीत ती रीतच आहे, पण ज्याची चाल त्याने हरकत घेतली तर मी काय तोंडाने पत्रकं वाटू?

ही तिसरी वेगळी होती. या गाण्याची चाल काकाची, शब्द काकाचे, आवाज काकाचा.

ते गाणं कसं झालं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मुलुंडच्या सामन्यात तुरेवाल्या बुवांनी प्रश्न घातला होता. ज्याला कान नाही पण ऐकतो, तोंड नाही पण बोलतो, घर नाही पण घराघरात राहतो, तो कोण? असले प्रश्न आले की शाहीर पुराणात शिरतो. काका शिरला नाही. पडद्यामागे चहा पिता पिता त्याने गाणं बांधलं आणि येऊन गायला. उत्तर होतं, मोबाईल. चार्जर आला, रेंज आली, रीलं बघत सासूला जेवायला न वाढणारी सून आली. नाट्यगृह हसून हसून आडवं झालं. बुवांची मान खाली.

त्या गाण्याला कुठल्याशा गाण्यांच्या कंपनीने ढामढाम ठोके लावले होते. काकाचा आवाज आमच्याच व्हिडिओतून कापून घेतलेला. मिरवणुकीत वाजवायला म्हणून ते विकायला ठेवलं, आणि मग त्या ॲपच्या यंत्राने दोन्ही गाणी जुळवून पाहिली आणि निकाल दिला की चोर आम्ही. कंपनीची नोंद आहे, आमची नाही. संपलं. व्हिडिओच्या जागी काळी चौकट आणि खाली ओळ, अमुक कंपनीच्या तक्रारीवरून काढून टाकला आहे.

मी खोलीतून निघाले ती थेट वाकोल्याला. जाताना डोक्यात सगळं तयार होतं. हरकत नोंदवायची, दोन दिवसांत प्रकरण मिटेल. काकाच्या घरात शिरले तर काकू जमिनीवर बसून करंदी सोलत होती आणि काका पलंगावर फोन हातात धरून.

“हरकत नोंदवू,” मी म्हटलं.

“ती मी कालच नोंदवली,” काका म्हणाला. “त्यांचं उत्तर पण आलं.”

“मला न विचारता?”

“तुला काय विचारायचं? मराठीत बोललं की तो फोन आपला आपण लिहितो.”

मी ती हरकत उघडून वाचली. रचना कोणाची, या चौकटीत काकाने त्याच्या गुरूंचं नाव घातलं होतं. आधी कैलासवासी, मागून ‘यांच्या कृपेने’. आणि कारणाच्या जागी, ‘हे गाणे आमच्या गुरुघराण्याचे आहे, आम्ही केवळ त्यांच्या चरणांची धूळ आहोत.’

मला हसू येईना आणि रडूही येईना.

आमच्या घराण्यात रीत आहे. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात लिहिणारा स्वतःचं नाव घालत नाही, गुरूचं घालतो. कुणी स्वतःचं घातलं तर माणसं म्हणतात, याने गुरू गिळला. आता या कंपनीने कॅसेटच्या जमान्यात काकाच्या गुरूंची काही गाणी खरंच काढली होती. पुढे गुरू गेल्यावर त्यांच्या पुतण्याकडून सही घेतली, गुरूंची सर्व गाणी आमची म्हणून. त्यामुळे काकाच्या हरकतीला कंपनीने एका ओळीत उत्तर दिलं होतं. रचना गुरूंची असल्याचे आपण स्वतःच मान्य केले आहे, आणि गुरूंच्या रचनांचे हक्क आमच्याकडे आहेत, सबब हरकत फेटाळली.

“काका, हे काय लिहिलंस रे?”

“खरं तेच लिहिलं.”

“गाणं तू लिहिलंस. मी तिथे होते.”

“लिहिलं मी. पण गाणं गुरूंचं.”

“मग ते कंपनीचं झालं.”

“का? कंपनी माझी गुरू हाय काय?”

“गुरूंना जाऊन किती वर्षं झाली? आयुष्यात त्यांनी फोन केला तो नाक्यावरच्या लाल डब्यातून, रुपया टाकून. त्यांनी चार्जरवर गाणं लिहिलं?”

“तू त्या कंपनीला सांग ना हे. मला काय सांगतेस?”

हेच तर दुखणं होतं. सांगणार कुणाला? ते गाणं एकदा, फक्त एकदा, कुणा मराठी माणसाने कानाने ऐकलं असतं तर त्याला कळलं असतं की रीलं बघणारी सून त्या जमान्यातली नाही. कुणी ऐकलंच नव्हतं. यंत्राने जुळवलं, यंत्राने ताकीद पाठवली, कंपनीत बसलेल्या कुणीतरी चौकटीतलं नाव वाचून बटण दाबलं. एवढ्या सगळ्या कारभारात गाणं ऐकणारा माणूस एकही नाही.

काकू मान वर न करता म्हणाली, “तुम्ही दोघं भांडा. मला एवढंच सांगा, मंडळाच्या ग्रुपवर त्या काळ्या चौकटीचा फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, आपले शाहीर चोरीच्या गाण्यावर टाळ्या घेतात. त्याला मी काय उत्तर देऊ?”

“कुणी लिहिलंय?” मी विचारलं.

“ज्याला मुलुंडच्या पुढच्या सामन्यात स्वतः बसायचंय त्याने. दुसरं कोण लिहिणार?”

काकाने फोन पलंगावर पालथा ठेवला. त्यावरून मला समजलं की चॅनलपेक्षा हे त्याला जास्त लागलंय. शाहिराला भसाडा म्हणा, जाडा म्हणा, तो पुढच्या गाण्यात परतफेड करतो. चोर म्हटल्यावर तो कशाने परतफेड करणार?

आता एकच पायरी उरली होती. मी गटातल्या आमच्या वकीलताईला फोन लावला. ती म्हणाली, गाण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा, नोंद असो नसो, आणि लिहिणाऱ्याने लेखी सही करून दिल्याशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही. तुझ्या काकाने काही सही केलीय का? नाही. मग त्याने शेवटचा दावा टाकू दे. त्यात स्वच्छ लिहायचं की या गाण्याचा कर्ता मी आहे, खाली पूर्ण नाव, राहता पत्ता, आणि कोर्टात उभं राहायची तयारी. त्यानंतर ठराविक मुदतीत कंपनीला कोर्टात जावं लागतं. नाही गेली तर गाणं परत येतं, ताकीद पुसली जाते. दावा नाही टाकला तर चॅनल गेलं.

मी हे काकाला सांगितलं. तो म्हणाला, “कर्ता मी, असं मी नाय लिहिणार.”

मी त्या आठवड्यात काकाशी जेवढी भांडले तेवढी कुठल्या मोर्चातही भांडले नसेन. मध्ये एक शहाणपणा करून पाहिला. आमचे बाकीचे व्हिडिओ उतरवून घेतले आणि दुसऱ्या एका ॲपवर चढवले. मंडळाच्या ग्रुपवर पत्ता टाकला. कुणी आलं नाही. गावी फोन केला तर आत्या म्हणाली, “माझ्या फोनात ते नाय हाय, बाय. जे हाय ते फोनाबरोबरच आलं.” झालं. स्पर्धेच्या खटल्यांवर मी पानंच्या पानं वाचलेली आहेत, पण आत्याने एका वाक्यात ज्या प्रकारे माझं तोंड बंद केलं तसं कुठल्या निकालपत्राने केलं नव्हतं. दुकान बदला म्हणायला दुसरं दुकान दिसायला तर पाहिजे.

आणि डोक्यात ते ‘शिकणं’ घुमत होतं. कंपन्या कोर्टात गळा काढून सांगतात की आमचं यंत्र शिष्यासारखं शिकतं हो, शिकण्यावर बंदी आणू नका. इथे माझ्यासमोर एक खरा शिष्य बसला होता. गुरूच्या घरी त्याने पाणी भरलं, ढोलकी उचलली, गौळण शिकला, आणि आज तो स्वतःच्या घामाच्या गाण्यावरही गुरूचंच नाव घालतो, कारण आपण कुणाकडून शिकलो हे सांगितल्याशिवाय त्याला पुढचा शब्द सुचत नाही. ती यंत्रं लाखो लोकांकडून शिकली म्हणतात. एकाचं तरी नाव घेतात का? ज्याने कुणाचंच नाव घेतलं नाही तो शिष्य, आणि ज्याने प्रत्येक वेळी घेतलं तो चोर. मी हे पत्रकात टाकायला निघाले होते. काका म्हणाला, “माझा फोटो छापलास तर घरात घेणार नाय.”

“फोटो नाही छापत. पण तू काहीतरी कर.”

“काय करू?”

“बुवांकडे चल.”

तुरेवाले बुवा म्हणजे ज्यांनी तो प्रश्न घातला ते. ते गाणं त्या दिवशी, त्या प्रश्नावर बांधलं गेलं, याला त्यांच्याइतका दुसरा साक्षीदार नव्हता. काकाने नको-नको केलं. हरलेल्याच्या दारात जिंकलेला जात नाही म्हणे. काकू म्हणाली, “जा. नायतर मी जाते आणि मी गेले तर तुमच्या तोंडावरची धूळ पण उडेल.”

रविवारी आम्ही बोरिवलीला गेलो.

बुवांचं पोळीभाजी केंद्र आहे. आत त्यांची बायको आणि सून पोळ्या लाटतात, बाहेर बुवा बनियनवर उभे राहून डबे भरतात. काकाला पाहिल्यावर त्यांनी चमचा हवेतच धरला.

“या, शक्तीवाले. पोळी खाणार की मार खाणार?”

“पोळीच द्या बुवा,” काका म्हणाला. “मार घरून खाऊन आलोय.”

मी सगळं सांगितलं. बुवा ऐकत ऐकत भाजी भरत होते. मध्येच म्हणाले, “म्हणजे ते मोबाईलवालं? ज्यात माझी वाट लावली होती ते?”

“तेच.”

“आणि हा म्हणतो ते याचं नाही.”

“गुरूंचं, बुवा,” काका हळूच म्हणाला. “आमची रीत तुम्हाला ठाऊक हाय.”

बुवांनी डब्याचं झाकण लावलं, बाजूला ठेवलं, हात फडक्याला पुसले.

“तुझ्या गुरूसमोर मी बसलोय. त्याच्याकडून हरलोय पण, आणि मला त्याची लाज नाही. पण त्या दिवशी मुलुंडात तो नव्हता. प्रश्न माझा होता. पावसाळाभर घोकून आणलेला. उत्तर काय होतं माहितीय? आत्मा. तुझा गुरू असता तर त्याने आत्मा सांगितलं असतं, मी त्यावर पुढचा प्रश्न घातला असता, आणि मी जिंकलो असतो. तू आलास आणि मोबाईल म्हणालास. लोक हसले. माझ्या स्वतःच्या ढोलकीवाल्याने टाळी दिली. अजून कामावर ठेवलाय त्याला, ते माझं मोठेपण. आता तू म्हणतोस ते तू केलंच नाहीस. मग मी कुणाकडून हरलो? भिंतीवरच्या फोटोकडून?”

काका खाली बघत होता.

“माझ्याकडे बघ. गाण्यात गुरूचं नाव घे. हजार वेळा घे. ते पाया पडणं झालं. पण कुणी चोर म्हणून विचारलं की हे केलं कुणी, तर मेलेल्या माणसाला पुढे करतोस? त्याने काय तुझ्यासाठी कोर्टात यायचं? आमच्यात याला भित्रा म्हणतात.”

“तुमच्यात सगळ्यांनाच भित्रा म्हणतात,” काका म्हणाला.

“कारण समोर शक्तीवालेच असतात.”

आतून बुवांची बायको म्हणाली, “पुरे झालं, त्यांना बसायला तरी द्या.” बसायला डबे उचलून जागा केली. तेवढ्यात ठोकळ्यासारखा एक फोन टिंगटिंगला. जेवण पोचवणाऱ्या ॲपची ऑर्डर. बुवांनी तो माझ्यापुढे धरला. “हे बघ. तुमच्या विषयातलंच. आधी पोळीभाजी शोधलं की आम्ही वर दिसायचो. आता त्यांनी स्वतःचंच स्वयंपाकघर काढलंय. ते वर, आम्ही तळाला. गिऱ्हाईक रस्त्यात भेटून विचारतं, बुवा, बंद केलंत काय? दुकान उघडं ठेवून बंद करतात हे लोक.”

मी त्यांना माझं पत्रक दिलं. तक्रार कुठे करायची, कशी करायची, ते मागच्या बाजूला आहे म्हटलं. त्यांनी ते लांब धरून पाहिलं. “अक्षर बारीक आहे. पण राग बरा आहे,” म्हणाले आणि फळीवर ठेवलं.

मग साक्ष. बुवा सांगत गेले, मी टिपत गेले. सुरुवात त्यांनी अशी केली, “सदर शाहीर आवाजाने भसाडा असून तालात कच्चा आहे.”

“बुवा, हे काढू या ना.”

“खरं लिहायचंय ना? मग कशाला काढतेस? पुढे लिही. तरीपण सदर गाणे त्याने माझ्या प्रश्नावर माझ्यादेखत बांधले. ते त्याच्या गुरूचे नाही, कुठल्या कंपनीचे तर नाहीच नाही. ते त्याचे आहे, आणि मी त्यास हरलो आहे.”

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचून घेतलं. मग सही केली. त्यांच्या सुनेने आम्हाला पोळीभाजीचा डबा बांधून दिला. पैसे विचारले तर बुवा म्हणाले, “सामन्यात वसूल करीन.”

परतताना बसथांब्यावर काकाने डबा मांडीवर घेतला. मग तो म्हणाला, “बाय, रचना कोणाची, त्या चौकटीत शब्द किती मावतात?”

“का?”

“माझं नाव घालू. पण पुढे शिष्य म्हणून गुरूंचं नाव पायजे. अमका, अमक्याचा शिष्य. नायतर मी सही करणार नाय.”

मी तिथूनच वकीलताईला विचारलं. ती म्हणाली, कर्ता स्वच्छ लिहा, पुढे शिष्य लिहा नाहीतर जावई लिहा, कायद्याला काही हरकत नाही.

दावा घरी बसून भरला. काकाने स्वतःचं नाव एक एक अक्षर सांगितलं, जणू ते मला माहीतच नव्हतं. पत्त्याशी येऊन तो थांबला. हा पत्ता कंपनीला जाणार होता, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने काकूकडे पाहिलं.

“टाका की,” काकू म्हणाली. “पण मजला बरोबर टाका. कोर्टाचा माणूस चुकून शेजारणीकडे गेला तर ती त्याला चहा पाजून सगळं काढून घेईल.”

मजला बरोबर टाकला. बुवांची साक्ष जोडली, भसाड्यासकट. पाठवलं.

कंपनी कोर्टात गेली नाही. तिने आधी फोन केला. एका दुपारी, काका जेवायला बसलेला असताना. मी तिथे होते, कारण त्या मुदतीत मी वाकोल्यालाच पडीक होते. काकाने फोन मोठ्यावर ठेवला. पलीकडे एक पोरगा, गोड बोलणारा, मधूनमधून हिंदीत घसरणारा.

“सर, आपण हे आपसात मिटवू शकतो ना. आम्ही तक्रार मागे घेतो. तुमचं चॅनल राहील, सगळे व्हिडिओ राहतील. तुम्ही फक्त एक मान्यता द्या की गाणं आमच्या कॅटलॉगमधलं आहे. तुमचं नाव आम्ही गायक म्हणून देऊ. फ्रीमध्ये पब्लिसिटी आहे, सर.”

मी तोंड उघडलं. काकाने भाताचा हात वर करून मला थांबवलं.

“गायक मी हायच. पण लिहिलंय पण मीच.”

“सर, रेकॉर्डला तर तुमच्या गुरूंचं नाव आहे.”

“ते माझ्या गुरूंचं नाव हाय. गाणं माझं हाय.”

इतकी वर्षं मी त्या माणसाच्या तोंडून गाण्याबद्दल ‘माझं’ ऐकलं नव्हतं. काकूनेही वाढता वाढता डाव थांबवला.

“सर, मग प्रकरण कोर्टात जाईल.”

“जाऊया की. मला रविवारी सुट्टी असते.”

“रविवारी कोर्ट बंद असतं, सर.”

“मग रजा टाकतो. तुम्ही तारीख कळवा.”

पलीकडून तारीख कळवली गेली नाही. मुदत संपली तरी कोर्टाचा कागद आला नाही, ना आमच्या मजल्यावर ना शेजारणीच्या. मग एक दिवस काळ्या चौकटीच्या जागी गाणं परत दिसायला लागलं. ताकीद गेली. मंडळाच्या बैठकीत काकाने बुवांची साक्ष वाचून दाखवली, भसाडा आणि तालात कच्चा यासकट, आणि मुलुंडचा सामना त्याच्याकडेच राहिला. ज्याने ग्रुपवर फोटो फिरवला होता त्याने तो गुपचूप काढून टाकला. माफी मागितली नाही. मागावी असं मला वाटत होतं, काका म्हणाला, सोड गं.

गटातल्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेढे आणा म्हटलं. मी नाही आणले. कारण कसली माफी, कसलं स्पष्टीकरण, कुणीही काहीही दिलेलं नाही. यंत्राने आळ घेतला, यंत्राने मागे घेतला, मध्ये एका माणसाची झोप गेली त्याचा हिशेब कुठेच नाही. आणि ज्या मंडळात पत्रकं लिहिणारी पुतणी नाही, ज्यांच्या विरोधी बुवांना पोळीभाजीच्या गर्दीत साक्ष द्यायला वेळ नाही, त्यांची चॅनलं रोज बंद पडत असणार. नियम बदलायला हवा. आधी ऐका, मग ताकीद द्या, एवढं साधं आम्ही मागतोय. नवीन पत्रकाचा मथळाही तोच आहे, ‘आधी ऐका’. अक्षर या वेळी मोठं ठेवलंय.

कंपनीचं ढामढाम गाणं मात्र अजून विकायला आहे. आवाज काकाचा, खाली नाव कंपनीचं. मागच्या महिन्यात काकाने गोदामातून फोन केला.

“बाय, त्यांच्यावर आपल्याला तक्रार टाकता येते काय?”

“येते. मी संध्याकाळी येते, मग टाकू.”

“तू ये, पण टाकणार मी.”

त्याने पलंगावर बसून स्वतः टाकली. तुमचा दावा कशावर आधारलेला आहे, असं तिथे विचारलं होतं. काकाने फोनशी बोलून लिहिलं नाही, बोटाने एक एक अक्षर दाबलं. ‘हे गाणे मी लिहिले आहे.’ पहिल्या खेपेला काही उत्तर आलं नाही. दुसऱ्या खेपेला यंत्राचं आलं, आपली तक्रार मिळाली, आभारी आहोत. काल त्याने तिसऱ्यांदा टाकली आहे, आणि या वेळी खाली वकीलताईचंही नाव घातलं आहे.